जांभ्याच्या भिंतीला सिलिकॉन कोटिंग : कोकणातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल निम्मा सरला की फोन सुरू होतात. "पश्चिमेची भिंत दरवर्षी भिजते, यंदा सिलिकॉन मारून टाकू या का?" याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, आणि घाईत दिलं तर ते त्या घराला महागात पडतं. म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. बहुतेक प्रश्न जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या चिऱ्यांच्या, उघड्या भिंतींचे आहेत, कारण रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत लोकांना छळणारा विषय तोच आहे. स्लॅब, लोखंड, धुराडी आणि विजेचे इन्सुलेटर यांच्याबद्दलही लोक विचारतात, ते खाली आलं आहे.

सिलिकॉन म्हणजे नेमकं काय? खिडकीच्या कडेला गनने भरतात तेच का?

घराणं तेच, काम वेगळं. वाळूतलं मूलद्रव्य सिलिकॉन आणि या लेपांमधलं रसायन, दोन्हींना आपण मराठीत सिलिकॉनच म्हणतो, त्यामुळे गोंधळ होतो. लेपातल्या सिलिकॉनच्या रेणूचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळीचा असतो, म्हणजे वाळू-काचेच्या जातीचा. त्या कण्याला बाजूने सेंद्रिय गट चिकटलेले असतात, ते पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. इंग्लंडात नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या संयुगांवर काम केलं आणि नावही त्यांनीच रूढ केलं. कारखान्यात ती मोठ्या प्रमाणावर बनवण्याची सोपी वाट १९४०मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधल्या यूजीन रोकाव यांना सापडली.

उन्हात हे रसायन का टिकतं, तेही याच कण्यात आहे. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या सगळ्यात तीव्र अतिनील किरणांची ताकद मोलमागे साधारण ४०० किलोज्यूल धरा. साध्या प्लास्टिकमधला कार्बन-कार्बन बंध सुमारे ३५० किलोज्यूलला तुटतो. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला ४५०च्या आसपास लागतात. अंगणातली प्लास्टिकची खुर्ची चार उन्हाळ्यांत फुटायला लागते आणि सिलिकॉनचा चांगला थर त्याच उन्हात तग धरतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

दुकानात हे तीन रूपांत मिळतं. एक, भिंतीत मुरणारा पातळ द्रव, त्याला सिलेन-सिलॉक्सेन म्हणतात. दोन, रबरासारखा थर होणारा जाड लेप. तीन, उष्णता सोसणारा रंग. गनने भरायचं सीलंट हा त्यांचा चौथा भाऊ. ते चिऱ्याच्या किंवा सिमेंटच्या फटीत भरायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल चुन्या-सिमेंटशी जुळत नाही आणि लोखंडालाही गंजवतं. दुकानात 'न्यूट्रल' म्हणून मागा.

भिंतीत मुरलेलं सिलिकॉन करतं काय?

ते भोकं बुजवत नाही. बहुतेकांची समजूत इथेच चुकते. चिरा, वीट, गिलावा यांच्या आत केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं त्यातून पाणी ओढलं जातं. एक शतांश मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत पाणी गणिताने जवळपास दीड मीटर चढू शकतं. सिलिकॉन या नळ्यांना आतून अस्तर लावतं. मग पाणी नळीला चिकटत नाही, आणि ओढलं जाण्याऐवजी बाहेर ढकललं जातं. त्याच नळीत पाणी घुसवायचं तर आता सुमारे अर्धा मीटर पाण्याइतका दाब लागतो. पावसाची कुठलीही झड तेवढा दाब देत नाही.

नळी मात्र मोकळीच राहते, म्हणून आतली वाफ बाहेर पडू शकते. भिंत श्वास घेते असं गवंडी म्हणतात ते हेच. ऑइलपेंट किंवा जाड प्लास्टिकसारखा थर या वाटेवर बूच बसवतो, मग वाफ त्या थरामागे साठते आणि पोपडे धरतात.

मग सिलिकॉन मारलं की भिंत गळायची थांबेल?

भिंत कशी आहे त्यावर आहे. जांभ्याच्या बाबतीत हे उत्तर जरा लांबवर सांगावं लागतं.

चिरा हातात घेऊन बघा. बारीक छिद्रांबरोबर डोळ्यांना दिसणारी भोकं आहेत, काहींत काडेपेटीची काडी जाईल एवढी. काही भोकं गांडुळाच्या बिळासारखी वळत वळत आत गेलेली असतात आणि त्यांत पिवळट-पांढरी मऊ माती भरलेली असते. वर सांगितलेलं गणित या भोकांना लावलं तर चित्र पार बदलतं. एक मिलिमीटर व्यासाच्या भोकाला आतून सिलिकॉनचं अस्तर असलं तरी ते जेमतेम एक सेंटिमीटर पाण्याचा दाब अडवतं. ताशी १४० किलोमीटरच्या आसपासचा वारा भिंतीवर साधारण १० सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतो. जुलैतल्या रोजच्या झडीचा दाब त्याहून बराच कमी असतो, पण भोक मोठं असेल, त्यावरून पाण्याचा पाट वाहत असेल आणि मागून वाऱ्याची धडक असेल, तर सिलिकॉन त्याला थोपवू शकत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर औषधाच्या दुकानातून सुईविना एक सिरिंज आणा. कोटिंग केलेल्या चिऱ्यावर सपाट जागी थेंब सोडा. थेंब अळवाच्या पानावर बसतो तसा गोल बसतो, भिंतीला चिकटत नाही, बोट लावलं की घरंगळतो. आता असे चार थेंब एका भोकाच्या तोंडावर एकत्र करा. पाणी क्षणभर कडेवर फुगून थांबतं, पाचवा थेंब पडला की सगळं एकदम आत जातं. अख्खी भिंत पावसात हेच करत असते.

तेव्हा चिऱ्याच्या अंगातून शोषलं जाणारं पाणी सिलिकॉन अडवतं. भोकं, तडे आणि फुटलेल्या दरजा (चिऱ्यांमधले सांधे) यांतून आत शिरणारं पाणी अडवत नाही. ते काम गवंड्याचं आहे आणि ते आधी व्हायला हवं.

आधी काय काय करून घ्यायचं?

पाणी कुठून येतं ते शोधायचं, आणि त्यासाठी भर पावसात भिंतीसमोर उभं राहायला हवं. मेमध्ये कोरड्या भिंतीकडे बघून कुणालाच खरं सांगता येत नाही. छत्री घ्या, जुलैत एक दिवस वारा-पावसाच्या बाजूला जा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पागोळ्या भिंतीवर पडताहेत का, छपराचा बाहेर आलेला भाग पुरेसा आहे का, खिडकीच्या खालच्या फरशीचं पाणी बाहेर पडतं की मागे भिंतीकडे वळतं, पॅरापेटच्या डोक्यावर पाणी मुरतं का, प्लंबिंगचा पाइप तर गळत नाही ना. मी पाहिलेल्या भिजक्या भिंतींत बऱ्याच ठिकाणी मूळ दोष पागोळीत किंवा खिडकीखाली निघाला.

जुन्या घरांना पडवी होती, छपराची वळचण लांब होती, आणि पावसाळ्याआधी वाऱ्याच्या बाजूला माडाची झापं बांधली जायची. त्या घराची भिंत मुळात भिजायचीच कमी. आता चौकोनी स्लॅबचं घर, छज्जा फूटभर, आणि भिंत उघड्या चिऱ्याची. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणारा, तोही मुख्यतः चार महिन्यांत पडणारा पाऊस थेट तिच्या अंगावर. बाटलीतलं कुठलंही रसायन वळचणीची जागा घेणार नाही. शक्य असेल तर आधी त्या बाजूला पत्र्याचा छज्जा वाढवा, सिलिकॉनचं नंतर बघू.

मग दरजा. सैल दरजा सुमारे इंचभर खोल उकरून पुन्हा भरायच्या. भोकांतली मऊ माती खरवडून काढायची आणि चुना, थोडं सिमेंट व चाळलेली जांभ्याची पूड यांच्या मिश्रणाने मोठी भोकं बुजवायची. नुसत्या कडक सिमेंटने भरलं तर ठिगळ दिसतं, आणि चिऱ्यापेक्षा कडक झालेली दरज कडेने सुटते. केसाएवढा तडा सिलिकॉन सांभाळून घेईल. नखाची कड जाईल एवढा असेल तर तो भरलाच पाहिजे.

जोत्यातून वर चढणारी ओल आहे. तिथे मारलं तर चालेल?

नाही. हे उत्तर मी ठामपणे देतो, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

या कामात नवा होतो तेव्हा घरच्या मागच्या भिंतीला मीच सिलिकॉन मारलं. मे संपत आला होता, वळवाचे ढग दिसायला लागले होते, दुकानदार म्हणाला ओल्या भिंतीलाही चालतं. भिंत विहिरीच्या बाजूची. समुद्र जवळ, विहिरीचं पाणी मचूळ, आणि घर बांधताना तेच पाणी वापरलेलं. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत आई झाडू मारताना म्हणाली, चिरा पापुद्रा सोडतोय. हात लावला तर चिऱ्याची तांबडी पाठ पापडासारखी बोटांत आली, मागे पांढरं मीठ. गुडघ्यापासून कमरेपर्यंत सगळी रांग तशीच होती.

झालं असं : जोत्यातून चढणाऱ्या पाण्यात मीठ विरघळलेलं असतं. भिंत मोकळी असली तर पाणी पृष्ठभागावर येऊन सुकतं आणि मीठ बाहेर फुलतं. आपण त्याला लोणा लागला म्हणतो. दिसायला वाईट, पण ब्रशने झाडता येतो. सिलिकॉनचं अस्तर असलेल्या भागात द्रव पाणी पुढे येऊ शकत नाही, ते आतल्या हद्दीवरच थांबतं आणि तिथून वाफ होऊन जातं. मीठ चिऱ्याच्या आत, पृष्ठभागापासून काही मिलिमीटरवर स्फटिक धरतं. स्फटिक वाढताना पुढचा थर ढकलून पाडतो. चांगलं रसायन जितकं खोल मुरेल तितका जाड पापुद्रा निघतो.

जोत्याची ओल असेल तर आधी जमिनीचा उतार भिंतीपासून दूर काढा, भिंतीलगतचं सिमेंटचं अंगण तोडून खडीचा चर करा, आणि लागलंच तर जाणकाराकडून जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा आडवा थर बसवून घ्या. त्यानंतर भिंत सुकायला निदान एक पूर्ण कोरडा मोसम द्या. पांढरं मीठ दिसत असेल तिथे त्या वर्षी सिलिकॉन नको.

कोणत्या महिन्यात करावं?

डिसेंबर ते मार्च. ऑक्टोबरात पाऊस गेला तरी चिऱ्याची भिंत आतून ओलीच असते, दिवाळीला ती कोरडी दिसते तेवढीच. ओल्या नळीत सिलिकॉनला जायला जागा नसते. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेची भिंत दुपारी इतकी तापते की द्रव मुरण्याआधी उडून जातो. तेव्हाच करणं भाग असेल तर सकाळी, भिंतीवर सावली असताना करा. दरजा नव्याने भरल्या असतील तर महिनाभर थांबा. आणि डिसेंबरनंतर आंब्याची कलमं मोहोरात असतात, त्यांच्यावर फवारा उडणार नाही अशी ताडपत्री धरा.

भिंत सुकली का, हे घरच्या घरी बघायला फूटभर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी आतून दव दिसलं तर अजून वेळ आहे.

दुकानात डबे डझनभर असतात. कोणता घ्यायचा?

डब्यावर 'सिलिकॉन' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. बऱ्याच बाहेरच्या रंगांत मूळ बांधणारा पदार्थ अॅक्रिलिक असतो आणि सिलिकॉन चवीपुरतं. रंग म्हणून ते चांगले असतील, पण भिंतीत मुरण्याचं काम त्यांचं नाही. दुकानदाराकडे उत्पादनाचं तांत्रिक माहितीपत्रक मागा. त्यात सिलेन, सिलॉक्सेन की सिलिकोनेट, सक्रिय पदार्थाचं प्रमाण किती, आणि नैसर्गिक दगडावर चालतं का, या तीन गोष्टी बघा. पत्रक नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

नुसतं सिलेन फार बारीक रेणूचं असल्यामुळे खोल जातं. काँक्रीटसाठी ते उत्तम, कारण काँक्रीटमधला क्षार त्याची पकड घडवून आणतो. जांभ्यात तो क्षार नसतो, त्यामुळे पकड होण्याआधी बरंच सिलेन हवेत उडून जाऊ शकतं. म्हणून जांभ्याला सिलेन आणि सिलॉक्सेनचं मिश्रण, तेही दगडासाठी बनवलेलं, मी पसंत करतो. पाण्यात मिसळायचं सिलिकोनेट स्वस्त पडतं, पण जरा जास्त झालं की लाल चिऱ्यावर पांढरी झाक येते आणि ती निघता निघत नाही. 'वेट लूक' म्हणून विकतात ते चकाकी देणारे लेप बहुधा अॅक्रिलिकचे असतात. कोकणातल्या बाहेरच्या भिंतीला ते मी सुचवत नाही.

काहीही घ्या, मागच्या बाजूला एक चौरस मीटर नमुना केल्याशिवाय पूर्ण भिंतीला हात लावू नका. आयएस ३६२० या भारतीय मानकाप्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. खाणीखाणीत फरक पडतो, आणि तुमचा चिरा काय करतो हे तुमचीच भिंत सांगेल.

किती लागेल आणि कसं मारायचं?

नमुन्याच्या चौकोनात किती गेलं ते मोजून ठेवा. समजा ३०० मिलिलिटर गेलं, तर १२० चौरस मीटर भिंतीला ३६ लिटर. डब्यावरचा हिशोब गुळगुळीत गिलाव्याचा असतो. चिरा त्याहून खूप जास्त पितो, आणि माल कमी पडला की कामगार पाणी घालतो.

मारायचं खालून वर. भिंतीवरून ओघळ वीतभर खाली येईल इतकं भरपूर, आणि पहिला हात ओला असतानाच दुसरा. पहिला सुकला की भिंत दुसऱ्याला आत घेत नाही, उद्या येऊन दुसरा हात मारतो म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा. त्यानंतर निदान एक दिवस पाऊस लागता कामा नये.

बागेतला फवारणीचा पंप बरेच जण काढतात. वापरायचाच असेल तर त्यात कीटकनाशकाचा अंश नको, आणि परत तो बागेत न्यायचा नाही. रॉकेलसारख्या द्रावकात बनवलेला माल असेल तर पंपातले रबरी वायसर फुगतात. काचा आणि अॅल्युमिनियमच्या चौकटी आधी झाका. काचेवर पडलेला थेंब सुकला तर त्याचा डाग कायमचा बसतो.

चिऱ्याचा रंग बदलेल का?

चांगल्या सिलेन-सिलॉक्सेनने फारसा नाही. किंचित गडद झाला तरी काही आठवड्यांत बहुतेक पूर्ववत होतो. तेल लावल्यासारखा दिसत राहिला तर माल वेगळा आहे.

शेवाळ जाईल?

आधी तुम्ही घालवायचं. नायलॉनचा ब्रश आणि पाणी, लागलं तर पातळ केलेलं ब्लीच, मग भरपूर धुणं आणि सुकवणं. अॅसिड नको, ते चुन्याच्या दरजा खातं. ब्लीच आणि अॅसिड तर कधीच एकत्र नको, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेततो. गाड्या धुवायचा जोरदार प्रेशर पंपही दूर ठेवा, तो भोकांतली माती ओढून नवी भोकं करतो. सिलिकॉननंतर भिंत लवकर सुकते म्हणून शेवाळ कमी धरतं. उत्तरेच्या सावलीतल्या भिंतीवर थोडं येणारच.

नंतर विचार बदलला आणि गिलावा करायचा ठरवला तर?

अवघड. सिलिकॉन मुरलेल्या चिऱ्याला सिमेंटचा गिलावा धरत नाही, साधा रंगही थेंब थेंब होऊन ओघळतो. उघडा चिरा ठेवायचा की नाही हे आधी घरात बसून ठरवा.

उघडा चिरा आणि सिलिकॉन बरं, की चुन्याचा गिलावा?

दिसायला चिरा, टिकायला चुना. माझं मत असंच आहे. ओल्ड गोव्यातलं बॉम जेझुस चर्च बघा. १६०५ साली त्याचं पवित्रीकरण झालं. जांभ्याच्या भिंतींवर गिलावा होता, तो १९५०च्या दशकात काढून टाकला गेला आणि लाल चिरा उघडा पडला. आज लाखो लोक तो लाल रंगच मूळचा समजून फोटो काढतात, पण उघडा पडलेला दगड पावसाने झिजतो आहे आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर गोव्यात वाद चालू आहे. आपल्या बाजूच्या जुन्या घरांनाही वाऱ्याच्या तोंडाला असलेल्या भिंतीवर गिलावा असायचा, तो उगीच नव्हे. चुन्याचा थर दर काही वर्षांनी स्वतः झिजतो आणि आतला चिरा वाचवतो.

चिरा उघडा हवाच असेल तर वाऱ्याची भिंत गिलावा करा, बाकी तीन उघड्या ठेवून सिलिकॉन करा. ज्यांनी हे ऐकलं त्यांची घरं बरी आहेत.

गावच्या जुन्या देवळाला मारू का?

गावाने ठराव केला तरी आधी वारसावास्तूंच्या जतनाचं काम जाणणाऱ्या वास्तुतज्ज्ञाला दाखवा. आत मुरलेलं सिलिकॉन परत काढता येत नाही. संरक्षित स्मारक असेल, मग किल्ला असो वा लेणं, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ब्रशसुद्धा लावायचा नाही. शेकडो वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभ्या भिंतीत मीठ किती साठलं असेल, याचा विचार आमच्या मागच्या भिंतीवरून करा.

स्लॅबवर सिलिकॉनचा रबरी लेप कसा?

उन्हाला चांगला. साचलेल्या पाण्यातही अॅक्रिलिकपेक्षा बरा टिकतो. तरी आधी उतार नीट करून घ्या. लेप ओला असताना जाडी मोजणारी पट्टी रोवून बघा, दोन डब्यांचं काम एकात भागवलं की ते तिथेच कळतं. दोन अडचणी लक्षात ठेवा : भिजला की पाय सरकतो, आणि पुढे डागडुजी करायची तर सिलिकॉनवर फक्त सिलिकॉनच बसतं. गच्चीवर कोकमं-मिरच्या वाळवणार असाल तर तिथे वेगळा विचार करा.

गेट आणि ग्रिल खाऱ्या हवेने गंजतात. त्यावर?

सिलिकॉन हे त्याचं औषध नाही. गंज खरवडून जस्ताचा प्रायमर, वर इपॉक्सी, वर पॉलियुरेथेन अशी साखळी करा.

लोखंड तापत असेल तर मात्र सिलिकॉनच. वेंगुर्ले-मालवणकडच्या काजू कारखान्यांत बॉयलरचं धुराडं असतं, त्यावर साधा रेड ऑक्साइड लावला तर जळून राख होतो. अॅल्युमिनियमची पूड घातलेला सिलिकॉन रंग ४०० ते ६०० अंशांपर्यंत चालतो. तो अगदी पातळ मारायचा, वीस-पंचवीस मायक्रॉन. जाड मारला की फुगून सुटतो. आणि तो हवेत सुकल्यासारखा वाटला तरी खरा पक्का होतो तो २०० अंशांच्या आसपास तापल्यावर. तोपर्यंत नखाने निघतो, पावसात तर अजिबात ठेवू नये. म्हणून रंग मारला की त्याच आठवड्यात बॉयलर हळूहळू पेटवा.

पहिल्या सरीला लाइट जाते, त्याचा आणि सिलिकॉनचा काही संबंध आहे?

आहे, आणि मला हा विषय फार आवडतो. जानेवारी ते मे खारा वारा खांबावरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ बसवतो. कोरडं मीठ निरुपद्रवी असतं. मृगाची पहिली बारीक सर आली की ते ओलं होतं, इन्सुलेटरवर विजेला चालायला वाट तयार होते, ठिणगी उडते आणि फीडर, म्हणजे भागाला वीज देणारी लाइन, बंद पडतो. धो धो पाऊस उलट तेच मीठ धुऊन नेतो, म्हणून भर जुलैत हा प्रकार कमी.

किनाऱ्याजवळच्या उपकेंद्रांत यावर उपाय म्हणून इन्सुलेटरला रबरी सिलिकॉनचा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीचा थर देतात. त्यावर पाण्याचा सलग पडदा होत नाही, थेंब सुटे राहतात. नवल पुढेच आहे. वर मीठ-धुळीचा थर बसला तरी लेपातले लहान रेणू हळूहळू त्या थरात शिरतात आणि धुळीलाही पाणी नको म्हणायला शिकवतात. रंगाला हे जमत नाही. हे काम विद्युत कंपनीच्या प्रशिक्षित माणसांचं आहे. खांबाजवळ स्वतः जाण्याचा विचारही करू नका.

मारताना तब्येतीला धोका?

फवाऱ्याचे बारीक कण छातीत गेले तर फुप्फुसाला त्रास होतो. साधा रुमाल पुरत नाही, धुके-वाफेसाठीचा मास्क लावा, डोळ्यांना चष्मा. जमेल तिथे फवाऱ्यापेक्षा रोलर किंवा रुंद ब्रश वापरा. द्रावकाचा माल असेल तर जवळ विडी-चूल नको. विहीर झाका, डबे ओढ्यात धुवू नका. मुलांना आणि दम्याच्या माणसांना दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवा.

किती वर्षं टिकेल, आणि पुन्हा कधी करायचं?

नीट केलेलं काम पाच ते दहा वर्षं चालतं. वाऱ्याच्या तोंडाला कमी, आडोशाला जास्त. थेंब गोल बसायचे थांबले म्हणजे कोटिंग संपलं असं नाही. वरची कातडी उन्हाने आणि धुळीने आधी जाते, आतलं अस्तर काम करत राहतं. म्हणून थेंबाचा आकार बघू नका, पाणी पिण्याचा वेग बघा. प्रयोगशाळेत भिंतीला काचेची उभी नळी पुट्टीने चिकटवून मोजतात, त्या नळीला कार्स्टन नळी म्हणतात. घरी सिरिंजचा दांडा काढून तिचं तोंड पुट्टीने भिंतीवर बसवा, पाच मिलिलिटर पाणी भरा आणि किती मिनिटांत उतरतं ते बघा. हेच काम पहिल्या दिवशी, कोटिंगच्या आधी आणि महिन्याभराने, त्याच तीन जागी करून आकडे लिहून ठेवा. दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा मोजा. आकडा कोटिंगआधीच्या आकड्याकडे सरकायला लागला की पुढचा हात द्यायची वेळ झाली.

हे आकडे, मालाचं पूर्ण नाव, बॅच क्रमांक आणि तारीख मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. आठ वर्षांनी येणारा रंगारी वेगळा असेल, आणि भिंतीत काय मुरलंय हे त्याला दुसरं कोण सांगणार?